धुळीतून प्रकाश: कचरा जाळून वीज मिळवण्याचा सव्वाशे वर्षांचा हिशेब

१/ लंडनच्या हॉक्स्टन भागात, कोरोनेट स्ट्रीटवर, विटांची एक जुनी भक्कम इमारत उभी आहे. आज तेथे सर्कसचे शिक्षण देणारी संस्था चालते. उंच छताखाली विद्यार्थी झोक्यांवरच्या कसरती शिकतात. तेथील दोन मोठ्या दालनांची नावे मात्र सर्कसशी जुळत नाहीत. एकाचे नाव ‘ज्वलन कक्ष’, दुसऱ्याचे ‘वीजनिर्मिती कक्ष’. इमारतीवर लॅटिन भाषेतील पाच शब्द कोरलेले आहेत: ‘ए पुल्वेरे लुक्स एत विस’. अर्थ असा की धुळीतून प्रकाश आणि शक्ती.

२/ १८९७ साली या इमारतीत शोरडिच वस्तीचा कचरा जाळून वीज तयार होऊ लागली. ‘कचऱ्यापासून वीज’ ही घोषणा आजही नव्या शोधासारखी केली जाते. प्रत्यक्षात तिला सव्वाशे वर्षे उलटून गेली आहेत. मग १८९७ मध्ये लंडनला जे साधले, ते नव्वद वर्षांनंतर, अधिक प्रगत यंत्रे हाती असताना, दिल्लीला का साधले नाही? दिल्लीचा प्रकल्प अवघे २१ दिवस चालला. या फरकाचे कारण भट्टीत शोधून सापडत नाही. ते घराघरांतल्या कचऱ्याच्या डब्यात आहे.

३/ प्रथम एका शब्दाचा इतिहास. इंग्रजीत कचऱ्याच्या डब्याला ‘डस्टबिन’ आणि कचरा नेणाऱ्याला ‘डस्टमन’ म्हणतात. ‘डस्ट’ म्हणजे येथे रस्त्यावरची धूळ नव्हे. तो शब्द चुलीतल्या राखेसाठी होता. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या प्रत्येक घरात शेगडी होती आणि तीत दगडी कोळसा जळत असे. रोज सकाळी शेगडीतून निघणारी राख आणि अर्धवट जळालेले कोळशाचे तुकडे डब्यात पडत. लंडनच्या घरगुती कचऱ्याचे निम्म्याहून अधिक वजन या दोन गोष्टींचेच असे.

४/ या राखेला बाजार होता. ठेकेदारांच्या आवारात राखेचे डोंगर उभे राहत आणि बायका चाळण्या घेऊन दिवसभर ती चाळत. बारीक भुकटी वीटभट्टीवाले घेत. ती मातीत मिसळली की वीट आतून नीट भाजली जाई. चिंध्या, हाडे, काच, धातू वेगळे विकले जात. शतकाच्या आरंभी तर कचरा उचलण्याच्या हक्कासाठी ठेकेदारच पॅरिशला पैसे देत. चार्ल्स डिकन्सच्या ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ या कादंबरीत (१८६४–६५) एका घराण्याची संपत्ती याच ढिगाऱ्यांतून उभी राहिलेली आहे.

५/ शतकाच्या मध्यानंतर गणित उलटले. शहर पसरले, कचरा वाढला, राखेची मागणी त्या प्रमाणात राहिली नाही. ठेकेदार आता कचरा नेण्यासाठी पैसे मागू लागले. ढिगाऱ्यांच्या दुर्गंधीविरुद्ध तक्रारी वाढल्या आणि स्वच्छतेचे नवे कायदे आले. कचरा नाहीसा करण्याचा उपाय नगरसंस्थांना हवा होता. १८७४ साली नॉटिंगहॅम येथे फ्रायर यांच्या आराखड्यानुसार मॅनलव्ह, ॲलियट कंपनीने पहिली मोठी भट्टी उभारली. तिचे नाव ‘डिस्ट्रक्टर’, म्हणजे नाश करणारी. नावात विजेचा उल्लेख नाही, कारण तेव्हा उद्दिष्टही तेवढेच होते.

६/ या भट्ट्यांत एक गोष्ट अभियंत्यांच्या ध्यानात आली. एकदा पेटवलेला कचरा स्वतःच्या बळावर जळत राहतो आणि त्यातून बरीच उष्णता वाया जाते. त्या उष्णतेवर बॉयलर तापवला तर वाफ मिळते. वाफेवर इंजिन आणि इंजिनावर जनित्र चालते. १८९०च्या दशकात विजेचे दिवे नव्याने येत होते. कचरा नेण्याचा खर्च वाचवायचा आणि रस्त्यांवर दिवेही लावायचे, असा दुहेरी लाभ नगरसंस्थांना खुणावू लागला. शोरडिचची वीजकेंद्रे याच विचारातून जन्मास आली.

७/ २८ जून १८९७ रोजी थोर पदार्थवैज्ञानिक लॉर्ड केल्विन यांच्या हस्ते शोरडिचच्या केंद्राचे उद्घाटन झाले. शेजारच्या सार्वजनिक स्नानगृहांनाही तेथील वाफ पुरवली गेली. एक अडचण आरंभापासून होती. कचरा दिवसभर सारख्या गतीने जळतो, दिव्यांना वीज मात्र संध्याकाळी लागते. म्हणून दिवसाची उष्णता गरम पाण्याच्या रूपाने साठवून ठेवण्याची योजना तेथे होती. पुढे विजेची मागणी वाढत गेली, तशी कचऱ्याला कोळशाची जोड द्यावी लागली. केंद्र १९४०पर्यंत चालले.

८/ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत ब्रिटनमध्ये अशा दोनशेहून अधिक भट्ट्या झाल्या होत्या. त्यांपैकी काही वीजही निर्माण करत. हे यश अभियांत्रिकीच्या नावावर जमा झाले. प्रत्यक्षात त्यामागे एक अदृश्य भागीदार होता: शेगडीतून न जळता सुटलेला कोळसा. शोरडिचच्या भट्टीत पडणाऱ्या ‘धुळी’त खाणीतून आलेले इंधन होते. लंडनकरांनी घरात अर्धे जाळलेले इंधन भट्टीत पुन्हा एकदा जाळले जात होते, इतकेच.

९/ याचा पुरावा जर्मनीत मिळाला. १८९२ साली हॅम्बुर्ग शहरात पटकीची भयंकर साथ आली आणि आठ हजारांहून अधिक माणसे दगावली. तोवर आसपासचे शेतकरी शहराचा कचरा खतासाठी नेत. साथीनंतर त्यांनी तो आपल्या शिवारात घेण्याचे नाकारले. शहरापुढे पर्याय उरला नाही. इंग्लंडमधील भट्ट्यांचा नमुना घेऊन बुलरडाइख येथे दहनकेंद्र बांधले गेले आणि १८९६पासून ते नियमित चालू लागले. युरोपच्या मुख्य भूमीवरील हे पहिले मोठे केंद्र.

१०/ हॅम्बुर्गचे पाहून बर्लिननेही त्याच दशकात प्रयोग केले. भट्ट्या त्याच जातीच्या होत्या, पण बर्लिनचा कचरा पेटेना. कारण साधे होते. बर्लिनच्या घरांत लिग्नाइट म्हणजे तपकिरी कोळशाच्या विटा वापरत. त्या जवळजवळ पूर्ण जळून जात आणि मागे मऊ, निर्जीव राख उरे. ही राख डब्यातल्या उरलेल्या जिनसांवर बसून आग विझवी. दोन शहरांत अंतर थोडे, भट्टी एकच. चुलीतले इंधन वेगळे, म्हणून निकाल वेगळा.

११/ या अनुभवांचे शास्त्र पुढे नीट मांडले गेले. कचऱ्याचे तीन भाग धरतात: पाणी, राख आणि जळणारा अंश. पाणी ५० टक्क्यांहून कमी, राख ६० टक्क्यांहून कमी आणि जळणारा अंश २५ टक्क्यांहून अधिक, या तिन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच कचरा बाहेरच्या इंधनाशिवाय जळतो. यांतली पहिली अट सर्वांत कठोर आहे. एक किलो पाण्याची वाफ करण्यास सहाशेहून अधिक किलोकॅलरी उष्णता लागते आणि ती आधी कचऱ्यालाच मोजावी लागते.

१२/ एक साधे उदाहरण. एक किलो कचऱ्यात अर्धा किलो पाणी, पाव किलो माती-राख आणि पाव किलो जळणारा माल आहे, असे समजू. जळणाऱ्या मालातून अंदाजे ११०० किलोकॅलरी मिळतील. त्यांतील सुमारे ३०० पाणी उडवण्यात जातील. हाती राहतात आठशेच्या आसपास. जागतिक बँकेच्या १९९९च्या मार्गदर्शिकेनुसार अशा केंद्रासाठी कचऱ्याचे सरासरी उष्णतामूल्य किलोमागे सात मेगाज्यूल, म्हणजे सुमारे १६७० किलोकॅलरी हवे. आणि कोणत्याही ऋतूत ते सहा मेगाज्यूलच्या, म्हणजे सुमारे १४३०च्या खाली जाता कामा नये.

१३/ ‘कोणत्याही ऋतूत’ हे शब्द आपल्याकडे विशेष महत्त्वाचे आहेत. उन्हाळ्यात वाळलेला कचरा आणि आषाढ-श्रावणात उघड्या ढिगावर भिजलेला कचरा ही एकच वस्तू नव्हे. प्रकल्पाचा अहवाल वार्षिक सरासरीवर लिहिला जातो; भट्टीला मात्र सरासरी ठाऊक नसते. तिला त्या दिवशी जे मिळेल ते जाळावे लागते.

१४/ उष्णता कोण विकत घेतो, हाही प्रश्न आहे. डेन्मार्कमधील पहिले दहनकेंद्र १९०३ साली कोपनहेगनलगतच्या फ्रेडरिक्सबर्ग येथे सुरू झाले. तेथील उष्णता जवळच्या रुग्णालयाला पुरवण्यात आली. त्यातूनच नळांवाटे घराघरांत गरम पाणी पोहोचवण्याची डॅनिश परंपरा वाढली. कचऱ्याच्या वायूंत क्लोरीन असते. वाफ फार तापवली तर बॉयलरच्या नळ्या गंजतात. म्हणून वाफेचे तापमान मर्यादित ठेवावे लागते आणि निव्वळ वीज करायची तर उष्णतेचा चौथा-पाचवा हिस्साच उपयोगी पडतो. डेन्मार्क उरलेल्या उष्णतेवर घरे उबदार ठेवतो. दिल्ली-पुण्यात ती विकत घेणारा कोणी नाही.

१५/ आता भारताकडे वळू. शोरडिचची भट्टी पेटली त्या वर्षी मुंबई प्लेगने ग्रासली होती. कचऱ्याचा प्रश्न तेथेही तीव्र होता, पण मुंबईने धरलेला मार्ग वेगळा. कचरा शहराबाहेरच्या दलदलीकडे नेण्यासाठी १९०६ साली कुर्ला ते चेंबूर असा लोहमार्ग घातला गेला. प्रवाशांसाठी तो खुला झाला १९२४ मध्ये; त्याआधी त्यावरून कचऱ्याच्या गाड्याच धावत. १९२७पासून देवनार हे मुंबईचे कचराक्षेपण स्थळ झाले आणि शतकाच्या उंबरठ्यावर आजही त्याचे डोंगर उभे आहेत.

१६/ मुंबई-पुण्याच्या जुन्या घरातून कचऱ्यात काय पडत होते? चुलीतली राख भांडी घासायला जाई. शिळे अन्न आणि भाज्यांची देठे गाई-म्हशींच्या पुढ्यात पडत. जुनी लुगडी-धोतरे बोहारीण घेऊन जाई आणि बदल्यात भांडे देई. वर्तमानपत्रे रद्दीवाल्याकडे, डबे-बाटल्या भंगारवाल्याकडे. जे जळू शकते, त्याला घरातच किंवा दारातच गिऱ्हाईक होते. उरत असे ते ओले, सडके आणि मातीने भरलेले. काटकसरीच्या या व्यवस्थेने भट्टीसाठी काहीच शिल्लक ठेवले नव्हते.

१७/ हे नंतर आकड्यांतही दिसले. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, अनेक भारतीय शहरांच्या कचऱ्याच्या पाहण्या केल्या. उष्णतामूल्य साधारणतः किलोमागे ८०० ते १००० किलोकॅलरी इतकेच भरले. वरच्या उदाहरणातील आकडा येथे आठवावा. भट्टीची किमान गरज याच्या दीडपट ते दुप्पट होती. निदान उपलब्ध होते. तरीही दिल्लीत प्रयोग झाला.

१८/ १९८७ साली दिल्लीच्या तिमारपूर भागात डेन्मार्कच्या कंपनीने बांधलेला प्रकल्प उभा राहिला. क्षमता रोज ३०० टन कचरा जाळण्याची, वीज ३.७५ मेगावॅट. आराखड्यात धरलेले उष्णतामूल्य सुमारे १४६० किलोकॅलरी होते. प्रत्यक्षात भट्टीपुढे आलेला कचरा ६०० ते ७०० किलोकॅलरींचा निघाला: ओला, रस्ते झाडताना आलेल्या मातीने भरलेला, कागद-प्लास्टिक आधीच वेचून घेतलेला. आग टिकवण्यासाठी डिझेल जाळावे लागले. २१ दिवसांच्या चाचणीनंतर प्रकल्प थांबला तो थांबलाच, आणि काही वर्षांत तो मोडीत निघाला.

१९/ तिमारपूरची भट्टी सदोष होती, असे मानण्यास जागा नाही. त्याच घराण्यातील भट्ट्या डेन्मार्कमध्ये चालत होत्या. चूक गृहीतकात होती. युरोपचा डबा दिल्लीत आहे असे समजून यंत्र आणले गेले; डबा उघडून पाहण्याचे काम यंत्र बसल्यानंतर झाले. बर्लिनने नव्वद वर्षांपूर्वी घेतलेला धडा दिल्लीने सरकारी खर्चाने पुन्हा घेतला.

२०/ इंग्लंडचा डबाही दरम्यान बदलला होता. पहिल्या महायुद्धानंतर खड्ड्यांत थरांनी कचरा पुरण्याची स्वस्त पद्धत रुळली आणि अनेक भट्ट्या मागे पडल्या. लंडनच्या विषारी धुक्यानंतर १९५६चा स्वच्छ हवा कायदा आला. घरांतल्या कोळशाच्या शेगड्या विझू लागल्या आणि डब्यातली राख ओसरली. तिची जागा वेष्टनांचा कागद, पुठ्ठा आणि प्लास्टिक यांनी घेतली. कोळशाऐवजी तेल आणि लाकूड यांपासून बनलेल्या वस्तू इंधन झाल्या. आज युरोपच्या कचऱ्याचे उष्णतामूल्य दहा मेगाज्यूलच्या आसपास असते.

२१/ धूर हा या इतिहासाचा दुसरा पक्ष. १९७७ साली ॲमस्टरडॅमच्या कचराभट्टीच्या राखेत डायॉक्सिन ही अतिविषारी संयुगे सापडल्याचे डच संशोधकांनी दाखवले. त्याच्या आदल्या वर्षी इटलीत सेव्हेसो येथील कारखान्याच्या अपघाताने डायॉक्सिन हे नाव जगाला माहीत झाले होते. जर्मनीने १९९० साली धुरातील डायॉक्सिनवर घनमीटरमागे ०.१ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. जर्मन भट्ट्यांतून वर्षाला निघणारे सुमारे ४०० ग्रॅम डायॉक्सिन पुढील दशकभरात अर्ध्या ग्रॅमच्याही खाली आले.

२२/ म्हणजे धूर शुद्ध करता येतो, हे सिद्ध आहे. पण त्यासाठी गाळणयंत्रणा, चुना, कोळशाची भुकटी, सततचे मोजमाप आणि नियम मोडला तर केंद्र बंद पाडणारी यंत्रणा लागते. भट्टीही सतत ८५० अंशांच्या वर ठेवावी लागते. ओला कचरा नेमके हेच तापमान पाडतो. त्यामुळे उष्णतामूल्याचा प्रश्न केवळ किती युनिटे मिळतील एवढ्यापुरता राहत नाही. शेजारी राहणाऱ्यांच्या श्वासापर्यंत तो जातो. भारतानेही २०१६च्या घनकचरा नियमांत डायॉक्सिनची तीच ०.१ नॅनोग्रॅमची मर्यादा स्वीकारली आहे. प्रश्न तिच्या रोजच्या पालनाचा आहे.

२३/ तिमारपूरनंतरही प्रयत्न थांबले नाहीत. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकल्पांना अनुदान देण्यावर रोक लावली आणि तज्ज्ञांकडून तपासणी करवली. २००७ मध्ये पाच पथदर्शी प्रकल्पांपुरती मोकळीक दिली. २०१२ साली दिल्लीतच ओखला येथे १६ मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला. लगतच्या वसाहतींतील रहिवाशांनी धूर आणि राखेविरुद्ध दीर्घकाळ न्यायालयीन लढा दिला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये प्रकल्प चालू ठेवण्यास मुभा दिली, मात्र २५ लाख रुपयांची पर्यावरणीय भरपाईही ठोठावली.

२४/ पैशाचा हिशेब यानंतर. २०१५ साली केंद्रीय वीज नियामक आयोगाने कचऱ्याच्या विजेसाठी युनिटमागे ७.०४ रुपये, तर कचऱ्यापासून केलेल्या वाळक्या इंधनाच्या विजेसाठी ७.९० रुपये दर ठरवला. २०१७ साली राजस्थानातील भडला येथे सौर विजेची बोली २.४४ रुपयांवर आली. कचऱ्याची वीज महाग असल्यामुळेच, ती वितरण कंपन्यांनी पूर्णतः विकत घ्यावी असे बंधन २०१६च्या सुधारित धोरणात घालावे लागले. बाजारात स्वतःच्या पायावर ती उभी राहत नाही. तिचा काही भार वीजग्राहक उचलतो, काही महापालिका.

२५/ आणि ती आहे तरी किती? नियोजन आयोगाच्या कार्यदलाने २०१४ साली मांडलेल्या हिशेबानुसार देशातील शहरे वर्षाला ६ कोटी २० लाख टन कचरा निर्माण करतात आणि त्यातील जळाऊ भागातून ४३९ मेगावॅट वीज मिळू शकते. एकट्या चंद्रपूर औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. साऱ्या देशाचा कचरा मिळून चंद्रपूरचा सहावा हिस्साही भरत नाही. तेव्हा कचरा जाळण्याचे समर्थन विजेच्या नावाने करणे हिशेबाला धरून नाही. त्याचे खरे समर्थन एकच असू शकते: पुरण्याजोगा कचरा कमी होतो.

२६/ हे समर्थन मात्र हलके नाही. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या ढिगाऱ्यांना आग लागली. तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला आणि परिसरातील महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे ज्यांच्या शिवारात पडला, त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या, तेव्हा त्यांच्या विहिरींचे पाणी बिघडलेले होते. हॅम्बुर्गच्या शेतकऱ्यांनी १८९२ साली घेतलेली भूमिका आणि यांची भूमिका एकच आहे. कोठेतरी नेऊन टाकणे हा मार्ग ज्यांच्या दारात संपतो, ती माणसे अखेर ‘नाही’ म्हणतात. भट्टीचा विचार नेहमी त्या नकारानंतर सुरू झालेला आहे.

२७/ भट्टीला हवा असलेला कचरा मात्र आधीच कोणाचा तरी असतो. १५०० किलोकॅलरी वा अधिक उष्णतामूल्याचा, पुनर्वापर न होणारा कचरा ऊर्जेसाठीच वापरावा, असे बंधन २०१६च्या नियमांत घातले गेले. एवढे उष्णतामूल्य असते कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, कापड आणि रबर यांना. यांतील बराच माल म्हणजे कचरावेचकांची रोजची कमाई. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली.

२८/ या बायांनी कागदाचा प्रत्येक किलो वेचला की भट्टीचे उष्णतामूल्य घटते; भट्टीने तो किलो घेतला की त्यांची मजुरी घटते. मधला मार्ग आहे, पण अरुंद. वेफरची पुडकी, गुटख्याच्या पुड्या, मळकी प्लास्टिके, फाटकी पादत्राणे यांना भंगारात भाव नाही आणि ती कुजतही नाहीत. जाळायचेच तर हे. मात्र एवढ्याने भट्टीचे पोट रोज भरेल का, हे आधी मोजावे लागते. करारात रोजच्या किमान टनांची हमी लिहिली गेली, तर कमी पडणारा माल कोठून येतो, हे सांगण्यास इतिहासकार लागत नाही.

२९/ डेन्मार्कलाही ही भूक सोसावी लागली. कोपनहेगनच्या आमागर भागात २०१७ साली सुरू झालेले, छतावर बर्फघसरणीची उतरण असलेले केंद्र जगप्रसिद्ध झाले. पण भट्ट्यांची क्षमता देशाच्या कचऱ्याहून मोठी ठरली आणि कचरा परदेशातून आणावा लागला. २०२० साली तेथील शासनाने दहा वर्षांत ही क्षमता ३० टक्क्यांनी घटवण्याचा निर्णय जाहीर केला. भट्टी पंचवीस-तीस वर्षांसाठी बांधली जाते. तेवढ्या काळात डबा बदलतो. शोरडिचला कोळसा सोडून गेला, उद्या प्लास्टिकही सोडून जाऊ शकते.

३०/ महाराष्ट्रात पिंपरी-चिंचवडच्या मोशी येथे १ ऑगस्ट २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते अशा प्रकल्पाचे उद्घाटन झाले: रोज ७०० टन, १४ मेगावॅट. म्हणजे टनामागे सुमारे ४८० युनिटे. तिमारपूरने ३०० युनिटांचेच लक्ष्य ठेवले होते आणि तेही गाठता आले नव्हते. फरक पडण्याचे कारण उघड आहे. डब्यात प्लास्टिक वाढले आहे आणि ओला-सुका वेगळा करण्याची सवय काही प्रमाणात रुजली आहे. उरलेला ओला कचरा जाळण्याऐवजी कुजवून बायोगॅस करणे अधिक शहाणपणाचे. गोव्यातील साळगाव येथे २०१६पासून तोच मार्ग धरलेला आहे.

३१/ तेव्हा ‘कचरा जाळून वीज करणे शक्य आहे का?’ या प्रश्नाला इतिहासाने एकच उत्तर दिलेले नाही. लंडनला होय, बर्लिनला नाही. कोपनहेगनला होय, तिमारपूरला नाही. प्रत्येक वेळी निकाल तीन गोष्टींनी लावला. पावसाळ्यातल्या डब्यात काय आहे? उष्णतेला गिऱ्हाईक कोण आहे? आणि जळाऊ कचऱ्यावर आज कोणाचे पोट आहे? या तिन्हींची उत्तरे यंत्र विकणाऱ्याच्या माहितीपत्रकात नसतात. ती त्या त्या शहराच्या गल्लीबोळांत असतात.

३२/ शोरडिचच्या भिंतीवरचे शब्द खोटे नव्हते. त्या धुळीतून खरोखर प्रकाश निघाला, कारण त्या धुळीत कोळसा होता. नव्वद वर्षांनी दिल्लीने भट्टी आणली, धूळही भरपूर होती, कोळसा नव्हता. आज एखाद्या महापालिकेच्या सभागृहात असा प्रस्ताव येतो तेव्हा पहिला प्रश्न मेगावॅटचा आणि दुसरा कोटींचा विचारला जातो. त्या दोन्ही प्रश्नांच्या आधी कोणीतरी घंटागाडीचे झाकण उघडून आत पाहावे, श्रावणातल्या एखाद्या सकाळी पाहावे, एवढेच या सव्वाशे वर्षांचे सांगणे आहे.